थोरलीचा डावा हात

साहेब, हाड तुम्ही घासायला लावलंत.

कानस तिच्या हातात होती, पूड तिच्या एप्रनवर पडली, हे सगळं कबूल. पण 'घास' हा शब्द तुमच्या तोंडून आला, आणि तो उच्चारताना तुम्ही तिच्याकडे बघायचं टाळून खिडकीबाहेर बघत होतात. तुम्ही मोठे माणूस. कोण कुणाचा कोण लागतो ते तुम्ही ठरवता. वटवाघूळ पाखरांचं नव्हे, आपल्या घरातलं. डॉल्फिन माशांचा कुणी नव्हे, आपला भाऊबंद. माकडाला कुठल्या कपाटात बसवायचं आणि माणसाला त्याच्यापासून किती बोटं लांब, ते तुमच्या सहीनं ठरतं. एवढ्या सोयरिकी जुळवणाऱ्या माणसाला दोन हातांमधलं नातं दिसलं नाही, असं म्हणणार असाल तर म्हणा. झालं ते असं झालं.

संग्रहालयाच्या मागच्या अंगाला, जिथं पाहुण्यांना नेत नाहीत, तिथं तिची खोली आहे. लांब टेबल, वर पांढराफटक दिवा, भिंतीला मांडण्या, मांडण्यांवर ट्रे आणि ट्रेमध्ये हाडं. सांगाडे जोडणं हे तिचं काम. मेलेलं जनावर आलं की त्याचं मांस कोमट पाण्यात सुटू द्यायचं, हाडांतलं तेल काढायचं, वाळवायचं, बारीक भोकं पाडून तार ओवायची. वास अंगाला चिकटतो. बसमध्ये तिच्या शेजारची जागा बहुतेक रिकामीच राहते आणि ती म्हणते, बरंय, पाय पसरता येतात.

घरी तिला धाकटी म्हणतात. खरं तर ती एकुलती एक. पण तिचे वडील प्राणिसंग्रहालयात राखणदार होते, आणि ती जन्मायच्या आधीपासून त्यांच्याकडे एक चिंपांझीची मादी होती. दूधपिती आली होती, बाटलीनं वाढवलेली. बाबा कौतुकानं सांगायचे, माझी थोरली लेक पिंजऱ्यात आहे. मग घरात मुलगी झाली, ती आपोआप धाकटी झाली. शाळेत पोरी विचारायच्या, तुझी मोठी बहीण काय करते? ती सांगायची, झोके घेते.

थोरली म्हातारी होऊन मेली. तोवर बाबाही निवृत्त झाले होते. थोरलीचं शरीर संग्रहालयात आलं आणि धाकटीच्या टेबलावर पडलं. तुम्ही विचारलंत, तुला जमेल ना? की दुसऱ्या कुणाला देऊ? ती म्हणाली, दुसऱ्या कुणाला दिलं तर बाबा मला घरात घेणार नाहीत.

तुमचं नवं दालन तयार होत होतं. सस्तन प्राण्यांचं. भिंतीवर पुढच्या पायांची, म्हणजे हातांचीच, एक रांग: चिचुंदरीचा, वटवाघळाचा, डॉल्फिनचा, घोड्याचा, माकडाचा. वर एक हाड, खाली दोन, कुणाची वेगवेगळी तर कुणाची चिकटून एक झालेली, मग मनगटातले खडे, मग बोटं. पोहायचा हात, उडायचा हात, धावायचा हात, पण साचा तोच. रांगेच्या शेवटी थोरली. बाकीच्यांचे नुसते हात, थोरली मात्र अख्खी, बसलेली, डावा हात पुढं केलेला. आणि तिच्या हाताशेजारी एक निळी मखमली गादी, रिकामी. तिच्याखाली पाटी: इथं आपला हात ठेवा.

ती गादी तुमची कल्पना. "येणाऱ्यानं स्वतः नमुना झालं पाहिजे," असं तुम्ही बैठकीत म्हणाला होतात, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. धाकटीनंसुद्धा. कल्पना खरंच चांगली होती.

थोरलीचा डावा हात जोडायला घेतला तेव्हा तिला ते दिसलं. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं जातात, एक अंगठ्याच्या बाजूनं, एक करंगळीच्या. करंगळीच्या बाजूचं हाड मधोमध जाड झालेलं होतं. मोडून पुन्हा जुळलेलं, किंचित तिरकं, आणि जुळल्या जागी गाठ. शेजारचं हाड सरळ. त्याला ओरखडासुद्धा नाही.

या कामात वर्षं घालवलेल्या कुणालाही हे वाचता येतं. पडताना जनावर हात टेकतं, माणूसही टेकतो. मग मनगट जातं, नाहीतर दोन्ही हाडं एकदम जातात. करंगळीच्या बाजूचं हे एकटं हाड मधोमध जातं, ते हात तोंडासमोर वर धरलेला असताना त्याच्यावर काहीतरी जोरात येतं तेव्हा. डोकं वाचवायला हात वर जातो. ते कुणी शिकवावं लागत नाही. माकडात जातो, चिंपांझीत जातो, आपल्यात जातो. समोरचा उजव्या हातानं मारणारा असेल तर पहिल्यांदा डावा हात सापडतो.

आणि त्या पिंजऱ्याची किल्ली आयुष्यभर एकाच माणसाच्या कमरेला होती.

ती हाड घेऊन तुमच्याकडे आली. तुम्ही ते उजेडात फिरवलंत, अंगठ्यानं गाठ चाचपलीत.

"जुनं आहे," तुम्ही म्हणालात.

"हो. तरुण होती तेव्हाचं असणार."

"शेजारचं?"

"शाबूत. मनगट शाबूत, कोपर शाबूत."

तुम्ही हाड खाली ठेवलंत. पुढचं वाक्य तुम्हालाही येत होतं, तिलाही येत होतं. दोघांनीही ते गिळलं.

"पाटीवर दोन शब्द लिहायचे का, साहेब? बरा झालेला अस्थिभंग, असं काहीतरी?"

"कशाला?" तुम्ही म्हणालात. "आपण काय मांडतोय इथं? हिच्यात आणि आपल्यात जे सारखं आहे ते. डोळे पुढं वळलेले, बोटांना नखं, अंगठा बोटांसमोर येतो, छाती रुंद, शेपूट नाही. ही झाली लक्षणं. ती पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात. मोडणं चालत येत नाही, मोडणं घडतं. घडलेल्यावरून कुणी वर्गीकरण करत नसतं."

"पण लोकांना दिसणार ना."

"म्हणून तर." इथं तुम्ही खिडकीबाहेर बघितलंत. "पोरं विचारणार, हे काय झालं? कुणी केलं? आणि तुझे वडील पहिल्या रांगेत बसलेले असणार, हातात पुष्पगुच्छ घेऊन. बरं दिसेल ते? घास ती गाठ. दुसऱ्या बाजूनं पुट्टी भर, सरळ दिसेल. रंगारी रंग जुळवून देईल. मला साधा नमुना हवाय, कहाणी नकोय."

तिनं वाद घातला नाही. हाड फडक्यात गुंडाळलं आणि निघून आली. आणि खरी लाज पुढं आहे, साहेब: जिना उतरता उतरता तिची पावलं हलकी झाली. तिला हायसं वाटलं. कुणीतरी वरचा माणूस 'घास' म्हणावं, याची ती वाटच बघत होती.

त्या संध्याकाळी बाबा आरशासमोर उभे होते. उद्घाटनाला दोन शब्द बोलायला तुम्ही त्यांना सांगितलं होतंत, आणि त्या दोन शब्दांचे त्यांनी एव्हाना दोनशे केले होते.

"काय गं, थोरली उभी राहिली का?"

"बसवलीय, बाबा."

"बसू दे, बसू दे. जन्मभर बसूनच खाल्लं तिनं. बोटं नीट मोजून लाव हां. एखादं कमी पडलं तर रात्री येऊन माझं घेऊन जाईल." ते स्वतःच हसले. मग आरशाकडे वळून आवाज बदलला. "ती माझ्यासाठी जनावर नव्हती, लेक होती. ठीक वाटतं ना? का 'पोटची लेक' म्हणू?"

"तुम्हाला वाटेल ते म्हणा."

"पोटची म्हटलं तर तुझ्या आईला राग येईल." आणि पुन्हा हसू.

माणूस हसरा आहे, यात खोटं नाही. गल्लीतली पोरं त्यांच्या मागं फिरतात. थोरलीला सर्दी झाली तेव्हा रात्रभर तिच्या उशाशी बसलेला हा माणूस. हेही खरं, पण याची खूण कुठल्या हाडावर सापडत नाही.

आई बेसिनपाशी भांडी घासत होती, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या. धाकटी शेजारी उभी राहून पुसत होती. आईनं ताट पुढं केलं आणि दिव्याखाली तिचा डावा हात ओला चमकला. मधोमध, करंगळीच्या बाजूला, उंचवटा.

तो उंचवटा धाकटीनं जन्मभर बघितला होता. आई बाथरूममध्ये घसरली होती, धाकटी रांगत होती तेव्हा. ही गोष्ट बाबाच सांगायचे, पाहुण्यांसमोर, रंगवून. "हिला वाटलं बाथरूम म्हणजे बर्फाचं मैदान!" पाहुणे हसायचे. आईही हसायची. लहानपणी ताप आला की धाकटी त्याच उंचवट्यावर गाल टेकून झोपायची.

तिनं फडक्यानं आईचा हात पुसल्यासारखं केलं. अंगठा सवयीनं पुढं गेला. एका हाडावर गाठ. शेजारचं हाड सरळ. मनगट खणखणीत.

आईनं हात ओढून घेतला नाही.

"काय बघतेस?"

"काही नाही. साबण राहिलाय."

आई नळ बंद करून तशीच थांबली. "थोरलीचा हात लावला का गं? डावा?"

"अजून नाही."

"लावलास की सांग. मला बघायचाय. मी येणार आहे."

शेजारच्या लग्नालाही न जाणारी बाई ही. धाकटी म्हणाली, "गर्दी असेल, आई. पायऱ्या आहेत. पाय दुखतील तुझे."

"पायांचं मी बघते," आई म्हणाली. "मला हात बघायचाय."

इतकं सांगितल्यावर कुणीही उठून म्हटलं असतं, आई, मला कळलं. धाकटी म्हणाली, "हा तवा राहिलाच की," आणि तवा पुसायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दार लावून घेतलं आणि थोरलीचं हाड शिकंज्यात धरलं.

का? ते आता तिला विचारा, धड सांगता येत नाही. साहेबांनी सांगितलं होतं, हे एक. बाबा म्हातारे झालेत, आता काय उकरायचं, हे दुसरं. पण खरं त्या दोन्हीच्या खाली होतं. गाठ भिंतीवर लागली असती, तर शेजारच्या निळ्या गादीवर आईनं हात ठेवला असता, आणि मग सगळ्या जगाला जे दिसलं असतं ते धाकटीच्या घरातलं होतं. ज्या घरात ती जेवते त्या घरातलं. तिला घराची लाज वाटली. ती लाज झाकायला तिनं आईचीच बाजू कानशीखाली घातली, आणि हे तिला करताना कळत होतं. कळत नव्हतं असं तिला म्हणू देऊ नका.

गाठ चिवट निघाली. बाकीच्या हाडापेक्षा टणक. शरीरानं तिथं जास्तीचं हाड घातलं होतं, पुन्हा तिथंच फटका बसला तर टिकावं म्हणून. कानस दोनदा घसरली. मग तिनं दातांच्या डॉक्टरकडे असतं तसं छोटं यंत्र लावलं, तसाच जळका वास सुटला आणि पांढरी पूड एप्रनवर बसत गेली. लपवायला नुसती पुट्टी थापली असती तर पुढंमागं काढता आली असती. घासलेलं परत येत नाही. तेही तिला ठाऊक होतं.

दुपारी रंगारी डबे घेऊन आला. पाट्या रंगवणारा, भिंती रंगवणारा, गमत्या माणूस. हाडांचा रंग जुळवावा तर त्यानंच.

"काय पाहिजे बाईसाहेब? हस्तिदंती, का चहाचा डाग पडल्यासारखा?"

"शेजारच्या हाडासारखा."

"आमच्या हातून गेलेला कुणी काळा राहिला नाही. मेल्यावर का होईना, गोरं करतो." त्यानं ब्रश फिरवता फिरवता हाड डोळ्यांजवळ नेलं. "इथं काय होतं? मोडलं होतं का बिचारीचं?"

"नाही," धाकटी म्हणाली. "हाडातच दोष होता. जन्मापासून."

ते तोंडातून निघून गेलं. मेलेल्या जनावरावर तिनं आळ घेतला. रंगारी म्हणाला, "असतं एकेकाचं नशीब," आणि रंग सुकायला फुंकर मारली. तिची मान वर होईना.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी घरच्या माणसांना दालन दाखवायचं, असं तुम्ही ठरवलं होतंत. कपाटांच्या काचा अजून बसायच्या होत्या, कोपऱ्यात शिडी होती, आणि एका टेबलावर चहा-बिस्किटं. बाबा इस्त्रीचा कोट घालून आले होते आणि आल्या आल्या त्यांच्याभोवती माणसं जमली. रंगाऱ्याची बायको, पहारेकरी, त्यांची पोरं.

"ही माझी थोरली!" बाबांचा आवाज दालनभर घुमत होता. "आणि ती एप्रनवाली धाकटी. थोरली दिसायला उजवी!"

सगळे हसले. आई त्या घोळक्यात नव्हती. ती रांगेच्या पहिल्या टोकापासून निघाली होती, एकेका हातासमोर थांबत, बाजारात भाजी निरखावी तशी. धाकटी तिच्या मागं मागं. पळून जावंसं वाटत होतं, पण पाय आईच्या मागंच जात होते.

"ही एवढी लांबलचक काय आहेत?"

"वटवाघळाची बोटं."

"पंखात बोटंच असतात?"

"बोटंच. मधे कातडं ताणलेलं."

"अगं बाई. आणि हा मासा?"

"मासा नाही, आई. डॉल्फिन. पिलांना दूध पाजतो."

"मग आमच्यातलाच की," आई म्हणाली आणि घोड्याकडे सरकली. घोड्याचं एकच बोट बघून म्हणाली, "याला तर चिमटाही काढता येणार नाही." माकडाच्या हातापुढं ती जास्त वेळ थांबली नाही. मग थोरलीपाशी आली.

तिनं थोरलीच्या तोंडाकडे बघितलं नाही. डावी बाही वर केली, गादीवर हात ठेवला, पालथा, सांगाड्याच्या हाताला लागून. आणि उजवा हात पुढं नेऊन थोरलीच्या हाडावरून बोट फिरवलं. कोपरापासून मनगटाकडे. पुन्हा मनगटापासून कोपराकडे. मधे थांबली, अंगठ्यानं दाबून बघितलं.

"ही नव्हे," ती म्हणाली.

"काय, आई?"

"ही थोरली नव्हे. दुसऱ्याच कुणाचा हात लावलाय तुम्ही. थोरलीला इथं गाठ होती."

"तीच आहे."

"मग गाठ कुठंय?"

लोक चहा पीत होते. एक पोरगं शिडीवर चढायला बघत होतं आणि त्याची आई त्याला दटावत होती.

"घासली."

"कुणी?"

"मी."

आईनं गादीवरचा हात तसाच ठेवला. आवाज मोठा केला नाही. तो तिला कधी करताच आला नव्हता.

"त्या दिवशी मी ह्यांचा डबा घेऊन गेले होते. तेव्हा पिंजऱ्यात आत जायची पद्धत होती. हे आत गेले आणि हिनं ह्यांची टोपी उचलून स्वतःच्या डोक्यावर घातली. मग ह्यांच्यासारखीच हात मागं बांधून चालायला लागली. लोक हसून हसून लोळले. मीही हसले. मला काय ठाऊक. ह्यांनी दार ओढायचा गज घेतला. हिला तिथंच बसला." तिनं गादीवरच्या आपल्या हाताकडे बघितलं. "मला घरी गेल्यावर. तू हसलीस म्हणाले."

धाकटीनं एप्रनला हात पुसले.

"जनावरांच्या डॉक्टरनं हिला प्लास्टर घातलं, ते हिनं दातांनी कुरतडून भिरकावून दिलं. मी गुणी. मी शेवटपर्यंत बाळगलं." आई जराशी हसलीसुद्धा. मग हसू गेलं. "तुला सांगणार होते. मोठी झालीस की सांगू म्हटलं. मग तू हे हाडांचं शिकायला लागलीस. वाटलं, चला, आता तोंड उघडायलाच नको. हिला कळेलच कधीतरी."

"कळलं होतं, आई."

"कधी?"

"बेसिनपाशी. परवा."

आईनं पहिल्यांदा तिच्याकडे मान वळवली. "आधी कळलं, आणि मग घासलंस?"

"हो."

साहेब, या 'हो'नंतर त्या पोरीचं काय उरलं ते तुम्ही तुमच्या कुठल्याही कपाटात मांडू शकणार नाही. आईनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. आई नुसती म्हणाली, "मला वाटलं होतं, ही आणि मी, आम्ही दोघी होतो," आणि थोरलीच्या हाडावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं, जिथं आता काहीच नव्हतं.

तेवढ्यात तुम्ही आलात. हातात कप, शेजारी बाबा, मागं घोळका.

"वा, आमच्या गादीचा पहिला नमुना!" तुम्ही म्हणालात आणि वाकलात. तुमची वाकायची सवयच आहे, हाड दिसलं की वाकता. आईचा हात दिव्याखाली होता. तुम्ही जन्म यात घालवलाय. तुम्हाला दिसलं. तुमचा कप बशीवर वाजला, तो धाकटीनं ऐकला. तुम्ही सरळ झालात, चष्मा काढलात, रुमालानं पुसलात, आणि पुसून झाल्यावरही पुसत राहिलात.

"अहो, ते जुनं आहे!" बाबा आपणहून म्हणाले. तुम्ही विचारलंही नव्हतं. "बाथरूममध्ये घसरली होती. हिला वाटलं बाथरूम म्हणजे..."

"चला, चहा गार होतोय," तुम्ही म्हणालात. "पुढच्या कपाटात कवट्या आहेत. त्या बघू या."

घोळका वळला. आई गादीवरून हात उचलायला लागली, बाही खाली ओढायला लागली, सवयीनं, घाईघाईनं, जणू तिनंच काहीतरी चोरलं होतं. आणि धाकटीनं ती बाही धरली. वर केली. आईचा हात पुन्हा मखमलीवर ठेवला आणि त्याच्यावर आपला हात ठेवून उभी राहिली.

"थांबा, साहेब."

तुम्ही थांबलात. रंगारी थांबला. शिडीवरचं पोरगंसुद्धा.

"काय झालं?" बाबा म्हणाले. "धाकटे, काय झालं?"

ती बाबांकडे बघू शकली नाही, तेवढं धैर्य तिच्यात त्या दुपारीही आलं नाही. ती तुमच्याकडेच बघत राहिली.

"थोरलीच्या हातावर गाठ होती," ती म्हणाली. "रंगारीदादा, मी तुमच्याशी खोटं बोलले, जन्मापासूनचा दोष नव्हता तो. मी घासली. साहेबांनी सांगितलं म्हणून नाही, मला लाज वाटली म्हणून. ते माझ्यावर. ते मी कुणावर ढकलत नाही. पण ही गाठ मी नाही घासू शकत, ही जिवंत आहे." तिनं आईच्या हातावरचा आपला हात काढला. "करंगळीच्या बाजूचं एकच हाड. मधोमध. शेजारचं शाबूत, मनगट शाबूत. तुम्ही आत्ता वाकून बघितलंत, साहेब, मला दिसलं तुम्ही बघितलंत. हिच्या हाताला जे झालं ते घसरून होतं का? हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. पण कवट्यांकडे जायच्या आधी म्हणा, आणि बाबांच्या तोंडावर म्हणा."